सिव्हिलिते : हस्ताक्षरी वळणाचे मुद्राक्षर आणि त्याचे बदलते उपयोग

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समधील मुद्रित साहित्याने इटलीत घडलेली रोमन व तिरपी इटॅलिक ही अक्षरवळणे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली होती. या पार्श्वभूमीवर लियों येथील ठसे कोरणारा कारागीर आणि मुद्रक रोबेर ग्राँजों याने 1557 मध्ये समकालीन फ्रेंच लेखनिकांच्या धावत्या हस्ताक्षरावर आधारलेले नवे मुद्राक्षर सिद्ध केले. इतर प्राचीन समाजांना स्वतःची अक्षरे असताना फ्रेंचांनी उसन्या अक्षरांवर का विसंबावे, अशी त्याची भूमिका पहिल्याच पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत दिसते. दुसऱ्या हेन्री राजाने त्याला त्याच वर्षी दहा वर्षांचा विशेषाधिकारही दिला. लक्षणीय बाब अशी की, या ‘राष्ट्रीय’ अक्षरातील पहिले पुस्तक म्हणजे इन्नोचेन्झो रिंगिएरी याच्या जीवन व मृत्यू यांविषयीच्या इटालियन संवादाचे फ्रेंच भाषांतर होते. स्वत्वाची घोषणा अनुवादाच्या आधारे झाली.

या मुद्राक्षराचे रूप गॉथिक वळणाच्या शीघ्र लेखनाचे आहे. त्यात वरखाली झेपावणारे दांडे, डावीकडे वाकणारा ‘डी’ आणि जाडबारीक रेषांचा खेळ दिसतो. हाताने लिहिताना अक्षर शब्दातील स्थानानुसार बदलते. हा बदल धातूत आणण्यासाठी ग्राँजोंने शब्दारंभीची व शब्दांतीची वेगळी रूपे आणि अनेक जोडाक्षरे कोरली. साहजिकच खिळ्यांची संख्या वाढली आणि जुळाऱ्याचे काम अवघड झाले.

पुढे उपयोगाने या अक्षराला नवा अर्थ दिला. इरॅस्मसच्या 1530 च्या बालशिष्टाचारविषयक लॅटिन ग्रंथाचे फ्रेंच रूप 1559 मध्ये अँटवर्प येथे याच वळणात छापले गेले आणि अशा पुस्तकांवरूनच त्याला ‘सिव्हिलिते’ हे नाव पडले. 1568 मध्ये क्रिस्तोफ प्लांतें याने मुलांच्या लेखनसरावाच्या पुस्तकासाठी ते वापरले. ज्या अक्षराने वाङ्मयाचे वाहन व्हायचे, ते हस्ताक्षर वाचायला आणि चारचौघांत वागायला शिकवणारे साधन झाले. मूळ हस्ताक्षर व्यवहारातून मागे पडल्यावरही शिष्टाचाराच्या पुस्तकांतून ते एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन याने त्याला नवे रूप दिले, तेव्हा ते शोभेचे प्रदर्शनी अक्षर ठरले होते.

मराठीतील मोडीशी याची तुलना उद्बोधक ठरते. विल्यम कॅरी यांचा मराठी शब्दकोश 1810 मध्ये सेरामपूर येथे मोडी खिळ्यांत छापला गेला. येथेही धावते हस्ताक्षर धातूत उतरले. परंतु मोडी दफ्तराची व पत्रव्यवहाराची, तर बालबोध ग्रंथाची, ही विभागणी मुद्रणाच्या आधीच रूढ होती आणि पुढे छापखान्यांनी बालबोधच दृढ केली. फ्रान्समध्ये ग्राँजोंने दैनंदिन हस्ताक्षराला ग्रंथाची प्रतिष्ठा देऊ पाहिली, पण वाचकांनी त्याची जागा पाठशाळेत ठरवली.

अक्षरवळणाचा अर्थ कोरणाऱ्याच्या हेतूने निश्चित होत नाही. तो वाचनाच्या सवयींतून घडतो, हे या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते. म्हणूनच अनुवादाचा किंवा साहित्यप्रकाराचा तौलनिक अभ्यास करताना मजकुराइतकीच त्याच्या मुद्राक्षराची साक्षही महत्त्वाची मानावी लागते.