मेळघाट : वसलेल्या रानाच्या संरक्षणाचा वाद

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील वनप्रदेश. धारणी व चिखलदरा हे तालुके त्यात मोडतात. येथील व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत आहे. अमरावतीहून वलगाव–परतवाडा मार्गाने या डोंगरात शिरता येते. हे रान निर्मनुष्य कधीच नव्हते. तेथील गावे राखून त्याला कायद्याचे संरक्षण कसे द्यावे, हा येथील जुना व न सुटलेला प्रश्न आहे.

भूमी व लोक : हे मुख्यतः सागाचे पानझडी जंगल आहे. सिपना, गाडगा, खंडू, खापरा व डोलार या नद्या येथून तापीला मिळतात. दक्षिण उतारावरच्या शहानूर, वाण या नद्या वऱ्हाडच्या सपाटीला पाणी देतात. 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळलेल्या वनपिंगळ्याची मोठी वस्ती मेळघाटात आहे. रहिवाशांत कोरकू सर्वाधिक असून गवळी, गोंड, निहाल व बलाई हेही आहेत. कोरकू भाषा मुंडा कुळातील आहे. कोदो-कुटकीची शेती, मोहफुले, तेंदूपाने व गुरे यांवर निर्वाह चालतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरकू सागाचा कोरीव खांब उभारतात. त्यावर चंद्र, सूर्य व घोडेस्वार असतात. वन्यजीव संरक्षणासाठी गाव उठवले जाते तेव्हा घराची भरपाई मिळते. या खांबांच्या जागेची भरपाई कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

संरक्षणाचा इतिहास : येथील जंगल 1866 मध्ये राखीव झाले. लाकूडतोडीस मजूर हवेत म्हणून पुढे वनखात्यानेच वनग्रामे वसवली. 1973-74 मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटची निवड झाली. 1985 मध्ये अभयारण्य आणि 1987 मध्ये 361.28 चौ. किमी.चे गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. 2007 मध्ये सुमारे 1,500 चौ. किमी. क्षेत्र व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ठरले. बोरी, कोहा व कुंड ही गावे आरंभी अकोटच्या बाजूला हलवण्यात आली. पुढे इतर गावेही हलली. 2008 पासून प्रत्येक कुटुंबास 10 लाख रुपयांचे पॅकेज लागू झाले. 2021 मध्ये ते 15 लाखांवर गेले.

वादाचे मुद्दे : पुनर्वसनाच्या बाजूचे सांगतात, की उठलेल्या गावांच्या शेतांत गवताळ कुरणे तयार झाली आणि सांबर, गवे व त्यांच्यामागे वाघ तेथे येऊ लागले. शिवाय गावकरी मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यातून वणवे लागतात. दवाखाना, शाळा व रस्ता मिळेल म्हणून काही कुटुंबे राजीखुशीने गेली, हेही खरे. विरोधी बाजू म्हणते, की पैसा संपतो, शेतजमीन मिळत नाही आणि रानावर जगणाऱ्याला सपाटीवर मजुरीच उरते. काही पुनर्वसित गावकरी परत जंगलात आले आणि जानेवारी 2019 मध्ये ते व वनकर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन अनेक जण जखमी झाले.

कायद्याची चौकट : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या वर्गीकरणात पाचवा प्रकार ‘संरक्षित भूदृश्य’ हा आहे. माणूस व निसर्ग यांच्या दीर्घ सहवासातून घडलेला प्रदेश त्यात येतो. ब्रिटनमधील शेतीवाडी असलेली राष्ट्रीय उद्याने याच प्रकारची आहेत. भारतीय कायद्यात असा स्वतंत्र दर्जा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील समुदाय राखीव क्षेत्र समाजाच्या वा खासगी जमिनीपुरते आहे, तर संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर असते व तेथील समितीचे काम सल्ला देण्याचे. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात माणूस व वन्यजीव यांचे सहजीवन हा हेतू कायद्यानेच सांगितला असला, तरी कारभार वनखात्याकडेच राहतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार दिला. त्यानुसार सहजीवन अशक्य असल्याचा निष्कर्ष आणि ग्रामसभेची लेखी संमती यांवाचून पुनर्वसन करता येत नाही.

पायविहीरचा दाखला : अचलपूर तालुक्यातील, प्रकल्पाबाहेरच्या पायविहीर गावाला 2012 मध्ये 193 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ‘खोज’ संस्थेच्या साहाय्याने ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर रोपे लावली, रोजगार हमीतून कामे काढली, चराई व तोडीला आळा घातला. तेथील सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत गेली. 2014 मध्ये गावाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन : पायविहीरचे रान लहान व डोंगराच्या पायथ्याचे आहे, वाघाच्या गाभ्याला तोच नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु बफरमधील व सभोवतालच्या गावांना नवा दर्जा द्यायचा, तर तो ग्रामसभेच्या हक्कावर उभा राहिला पाहिजे. नकाशा आधी आखून संमती मागाहून गोळा केली, तर गावकरी रानाचे राखणदार होत नाहीत, तक्रारदार होतात. वणवा लागला की जाळरेषेवर पहिल्यांदा पोहोचतो तो शेजारच्या पाड्यावरचाच माणूस. त्याला निर्णयात वाटा देणे ही मेहरबानी नसून संरक्षणाची पहिली अट आहे.