भाग कशाचा?

ज्या मुलास अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी बिनचूक येते, तेंच मूल शाब्दिक उदाहरण समोर येतांच अडखळतें, हा अनुभव बहुतेक घरांतला आहे. अशा वेळीं मुलाचें गणित कच्चें, असें आपण सहज म्हणून जातों. आमच्या मतें उणीव बहुधा वाचण्याची असते. आणि हें दाखविण्यास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’सारखें दुसरें साधन नाहीं.

शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचलेल्या या ग्रंथांत ‘इष्टकर्म’ म्हणून एक प्रकरण आहे. त्यांतील एका उदाहरणांत कमळांच्या राशीपैकीं तिसरा भाग शंकरास, पांचवा विष्णूस, सहावा सूर्यास व चौथा देवीस वाहिल्यावर उरलेलीं ६ कमळें गुरुचरणीं जातात. राशि किती? रीति अशी कीं, सोयीची कोणतीही संख्या ‘इष्ट’ मानावी. ६० मानिल्यास २०, १२, १० व १५ मिळून ५७ जातात आणि ३ उरतात. उरावयाचीं ६, म्हणजे दुप्पट. तेव्हां राशि १२०.

याच प्रकरणांत एक यात्रेकरू भेटतो. तो आपल्या धनाचें अर्ध प्रयागास देतो. शेषाचे दोन नवमांश काशीस. त्या शेषाचा चौथा भाग वाटेंतील जकातीस. आणि त्याच्याही शेषाचे सहा दशमांश गयेस. ६३ निष्क घेऊन तो घरीं परततो. वरवर पाहतां हें उदाहरण पहिल्यासारखेंच दिसतें. परंतु येथील अपूर्णांक मूळ राशीचे मानून बेरीज केली, तर ती २८३/१८० भरते. म्हणजे जवळ होतें त्याहून अधिक धन त्यानें वांटलें असें होईल! ‘शेष’ या एका शब्दानें सारा अर्थ पालटला. प्रत्येक वेळीं उरलेला भाग घेत गेल्यास १/२, ७/९, ३/४ व ४/१० यांचा गुणाकार ७/६० येतो, आणि मूळ धन ५४० निष्क ठरतें.

मग समीकरण हवें कशास? समजा, कोणी आपल्या धनाचें अर्ध दान केलें, वर आणखी १० निष्क दिले आणि ५० उरले. इष्ट ६० धरल्यास २० उरतात, व त्रैराशिकानें उत्तर १५० येतें. तें चूक आहे. कारण १५० च्या अर्धांतून १० गेल्यास ६५ उरतील. ते १० निष्क राशीबरोबर वाढत नाहींत, म्हणून प्रमाण तुटतें. येथें अज्ञात राशीस नांव देऊन वाक्य जसेंच्या तसें लिहावें लागतें. आचार्यांच्या ‘बीजगणितां’त तें नांव ‘यावत्तावत्’. त्याची खूण ‘या’. या/२ − १० = ५०; म्हणून या = १२०. ब्रह्मगुप्तानेंही इ. स. ६२८ मध्यें अव्यक्तगणितास स्वतंत्र अध्याय दिला होता. इष्टकर्म अज्ञातास टाळून जातें, तर बीजगणित त्यास प्रथम नांव देतें, हा दोहोंतील भेद आहे.

ही विद्या केवळ पोथींत राहूं नये, याची काळजी महाराष्ट्रांत घेतली गेली होती. चाळीसगांवानजीक पाटण येथें आचार्यांचा नातू, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. त्यास मिळालेल्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला.

आज मुलांस रीति पुष्कळ पाठ असतात. परंतु ‘भाग कशाचा?’ हा प्रश्न त्यांस क्वचित् विचारला जातो. ज्या पालकांस घरीं गणित शिकवावयाचें असेल, त्यांनीं कमळांचें व यात्रेकरूचें अशीं दोन्ही उदाहरणें मुलांपुढें शेजारीं शेजारीं ठेवावीं, आणि लेखणी उचलण्यापूर्वीं या एका प्रश्नाचें उत्तर त्यांच्या तोंडून ऐकावें, एवढीच आमची सूचना आहे.