परगांवीं शिकणारें मूल आणि बोलतें चित्र

विद्येसाठीं मूल घराबाहेर पडलें कीं मागें राहिलेल्या माणसांची दृष्टि टपालवाल्याकडे लागे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यास फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां त्यांचें पत्र हिंदुस्थानांत पोहोंचण्यास कित्येक आठवडे लागत. इकडे पाकीट फोडलें जाई तोंपर्यंत तिकडची थंडी, आजार, परीक्षा यांचें रूप पालटलेलें असे. शिवाय लिहिणारा सांगेल तेवढेंच वाचणाऱ्यास कळे. चेहरा कांहीं पत्रांतून येत नसे.

चेहरा आणण्याची कल्पना मात्र त्यापूर्वींच छापली गेली होती. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या १८७९ सालच्या वार्षिकांत जॉर्ज द्यु मोरिए यांचें एक व्यंगचित्र आहे. आईबाप लंडनच्या घरीं शेकोटीपुढें बसले आहेत. शेकोटीवरील रुंद पडद्यावर सिलोनांत टेनिस खेळणारी त्यांचीं मुलें दिसत आहेत, आणि बाप हातांतील नळींतून मुलीशीं बोलत आहे. यंत्र एडिसन यांच्या नांवावर खपविलें होतें. प्रत्यक्षांत तें कोणींच केलेलें नव्हतें. बापाची पृच्छा काय, तर चार्लीच्या बाजूनें खेळणारी ती सुंदर तरुणी कोण! यंत्र जन्मण्याच्या आधींच त्याचा खरा उपयोग चित्रकारानें ओळखला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

७ एप्रिल १९२७ रोजीं अमेरिकेचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनहून बोलले आणि त्यांची मुद्रा न्यूयॉर्कमध्यें दिसली. हूव्हरना मात्र पलीकडचें कोणी दिसत नव्हतें. १ मार्च १९३६ पासून जर्मन टपालखात्यानें बर्लिन व लाइपझिग यांच्या दरम्यान परस्परदर्शनाची सोय केली. दोघांनींहि ठरल्या वेळीं टपालखात्याच्या खोलींत जाऊन बसावें लागे. महायुद्धामुळें १९४० सालीं ती बंद पडली.

पुढें १९६४ सालीं अमेरिकेंत ‘पिक्चरफोन’ आला. तीन मिनिटांस १६ ते २७ डॉलर पडत! १९७० सालीं पिट्सबर्गमध्यें तो कचेऱ्यांतून बसविण्यांत आला, तरी रुजला नाहीं. किंमत भारी होती, पलीकडे यंत्र असणारीं माणसें थोडीं होतीं, आणि घरच्या कपड्यांत दिसावयास पुष्कळांची तयारी नव्हती. हें शेवटचें कारण क्षुल्लक नव्हे. वसतिगृहांतील मुलासहि तें आजतागायत लागू आहे. आईस त्याचा सुकलेला चेहरा पाहावयाचा असतो, आणि नेमका तोच त्यास दाखवावयाचा नसतो.

किंमतीचा अडसर गणितानें दूर केला. हलतें चित्र पाठविण्यास साध्या संभाषणाच्या शेंकडों पट जागा तारेंत लागे. पुढें, मागील चित्रांतून जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवावा, अशी युक्ति रूढ झाली. ओठ हलले तर ओठ जातात. मागची भिंत पुन्हां पुन्हां जात नाहीं. २००६ च्या आरंभीं स्काइपनें ही सोय घरोघरच्या संगणकांवर दिली. ती संस्था मे २०२५ मध्यें बंद झाली. व्हॉट्सॲपवर ती नोव्हेंबर २०१६ मध्यें आली, आणि आजीच्या हातांतल्या फोनमध्येंहि नातू दिसूं लागला.

घड्याळ मात्र कोणास हटवितां आलेलें नाहीं. पुण्यांत सकाळीं ७ वाजतां चहा होतो, तेव्हां फिलाडेल्फियांत उन्हाळ्यांत आदल्या रात्रीचे ९.३० आणि हिवाळ्यांत ८.३० झालेले असतात. म्हणून पुष्कळ घरीं कॉलची वेळ हीच ठरली आहे, आणि नोव्हेंबरांत अमेरिकेंतील घड्याळें मागें सरलीं कीं पहिल्या दिवशीं कोणी तरी एक तास आधींच फोन लावतो.