हेदेर ते येशिवा

संत लूकच्या शुभवर्तमानातील बारा वर्षांचा येशू आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. जेरुसलेमच्या मंदिरात तो धर्मपंडितांमध्ये बसलेला आढळला. त्याच्या उत्तरांचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु नाझरेथच्या एका सुताराच्या मुलाचे प्रश्न ऐकून घ्यायला ते पंडित बसले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. प्रश्न विचारणे हीच यहुदी समाजाची शिकण्याची रीत होती.

मुलाला शिकवणे हे मुळात बापाचे कर्तव्य. त्यामुळे ज्याला बाप नाही तो अडाणी राही. ताल्मुदमध्ये या उणिवेची हकिकत आली आहे. आधी जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले गेले. मग प्रांतोप्रांती १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी नेमले. पण गुरुजी रागावले की ही मुले सरळ उठून घरी जात! (आजच्या शिक्षकांनी धीर सोडू नये.) अखेर यहोशवा बेन गामला या महायाजकाने गावोगावी शिक्षक ठेवून ६-७ वर्षांच्या मुलांना शाळेत बसवले. २५ मुलांना एक शिक्षक, ४० झाली तर त्याला मदतनीस, ५० झाली तर दोन शिक्षक, असा दंडकही ताल्मुदमध्ये आहे. हा महायाजक इ. स. ६८ मध्ये रोमविरोधी बंडाच्या धामधुमीत मारला गेला. ७० साली मंदिर जळाले; शाळा मात्र टिकली.

पुढे युरोपात पांगलेल्या यहुद्यांनी ती आपल्याबरोबर नेली. मध्ययुगीन जर्मनी-फ्रान्समध्ये मूल प्रथम शाळेत आले की पाटीवरील हिब्रू अक्षरांवर मध लावून तो त्याला चाटायला देत. पूर्व युरोपात या बालशाळेला हेदेर, म्हणजे नुसते 'खोली', म्हणत. बहुधा ती शिक्षकाच्या घरातलीच खोली असे. अक्षरओळख, मग मोशेचे ग्रंथ आणि हुशार मुलाला ताल्मुद. त्यातून निवडक मुले येशिवा या उच्च पाठशाळेत जात. गरीब विद्यार्थी आपल्याकडच्यासारखेच वार लावून जेवत.

ही लाचारी रब्बी हाईम यांना सलत असावी. आज बेलारूसमध्ये असलेल्या व्हॉलोझिन गावी त्यांनी १८०३ च्या सुमारास येशिवा काढली आणि दूरदूरच्या यहुदी वस्त्यांतून वर्गणी गोळा करून विद्यार्थ्यांच्या पोटाची सोय केली. तेथे विद्यार्थी मोठ्याने शिकत आणि रात्रीही पाळीपाळीने अध्ययन चालू ठेवत. आमच्या सेमिनरीत अभ्यासाच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येई; तो गलबला आम्हाला सोसला नसता.

रशियन सरकारने या येशिवेत लौकिक विषयांचा आग्रह धरला. दिवसाचा मोठा भाग त्या विषयांना द्यावा, रात्रीचे अध्ययन बंद करावे, अशी नियमावली आली आणि १८९२ मध्ये येशिवेला टाळे लागले. प्रमुख रब्बी नफ्ताली झ्वी यहुदा बर्लिन यांनी तत्त्वासाठी येशिवेवर पाणी सोडले, अशी आख्यायिका आहे. उत्तराधिकारावरून आत माजलेली दुफळीही कारणीभूत होती, असे अलीकडचे इतिहासकार दाखवतात. मला यात दोन्ही बाजूंची चूक दिसते. सरकारला ज्ञानापेक्षा ताब्याची हौस होती. पण ज्ञान सरकारकडून आले म्हणून ते परके ठरत नाही. जर्मनीत ब्रेस्लाऊ येथे १८५४ मध्ये आणि बर्लिनमध्ये १८७३ मध्ये निघालेल्या सेमिनरींनी ताल्मुद व विद्यापीठीय विद्या यांचा मेळ घातलाच होता. बर्लिनची संस्था तर कट्टर सनातनी रब्बींची होती.

या साऱ्या वादात मुलींची आठवण फारशी कोणाला झाली नाही. मुलगे हेदेरमध्ये बसत, तर पोलंडमधील अनेक यहुदी मुली सरकारी शाळेत जात. पोलिश साहित्यात त्या रमत. घरच्या प्रार्थना त्यांना परक्या होऊ लागल्या. शिवणकामावर पोट भरणाऱ्या सारा शेनिरर यांनी १९१७ साली क्राकूव येथे आपल्या शिवणखोलीतच मुलींचा वर्ग सुरू केला. बेथ याकोव्ह या नावाने अशा शाळा पोलंडभर निघाल्या. सारा शेनिरर १९३५ मध्ये वारल्या; तोपर्यंत त्यांनी तयार केलेल्या कोवळ्या वयाच्या मुली शिक्षिका होऊन गावोगावी गेल्या होत्या.