वामनदादा कर्डक यांचे गीतसंग्रह
वामन तबाजी कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४) हे आंबेडकरी चळवळीतील लोककवी व गायक. जन्म देशवंडी, तालुका सिन्नर. तरुणपणी मुंबईत कष्टाची कामे करताना ते अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गाणी रचू लागले. ‘वाटचाल’ (१९७३) व ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) हे त्यांचे महत्त्वाचे गीतसंग्रह होत.

जयंतीच्या मंचावरील प्रचारगायक हीच ओळख रूढ झाल्याने त्यांच्या रचनांतील करुण सूर दुर्लक्षित राहिला. मोडलेला पहिला संसार व बालपणीच दगावलेली मुलगी यांचे दुःख ते सोसत होते. मात्र त्यांच्या गीतांतील वेदना सहसा एकट्याची राहत नाही, ध्रुपदाबरोबर ती समूहाची होते. छापील पानावर त्यांची यमके काहीशी बाळबोध वाटतात. ढोलकीच्या साथीने ऐकल्यावर तसे वाटत नाही.