तिकिटावरचे भोक

वडाळ्याजवळच्या आणिक आगारात बेस्टचे वाहतूक संग्रहालय आहे, हे मुंबईत उभा जन्म काढलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. खाली आगाराची रोजची धांदल, वर्दीतल्या माणसांची ये-जा, आणि त्याच आवारात दीडशे वर्षांची मुंबई कपाटांत मांडून ठेवलेली. ट्रॅमच्या आणि बसच्या छोट्या प्रतिकृती, जुनी छायाचित्रे, तिकीट देण्याची साधने आणि तिकिटे.

बघणारा शेवटी रेंगाळतो तो या तिकिटांपाशी. प्रतिकृती बघून मुले हरखतात, पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला माणूस त्या पातळ, रंगीत कागदाच्या कपट्यांसमोर थांबला की लवकर हलत नाही. बोटभर लांबीचे तिकीट, त्यावर टप्प्यांचे आकडे आणि त्यांतल्या एका आकड्यावर पडलेले गोल भोक. प्रवासी कुठे चढला याचा तेवढाच पुरावा. तपासनीस मधेच चढला तर त्याने ते भोक उजेडात धरून बघायचे आणि हा माणूस ठरल्या टप्प्यापुढे तर आला नाही ना, हे ताडायचे. ज्याने लहानपणी ते तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचले होते, त्याला काचेमागे ते पुन्हा दिसते तेव्हा त्या काळातली सगळी बसच डोळ्यांपुढे उभी राहते.

गंमत अशी की, मुंबईतली ही वाहतूक सुरू झाली ती तिकिटाशिवाय. 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्रॅम धावली. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडे तीन आणे. पैसे हातात घ्यायचे आणि प्रवाशाला बसवायचे, असा मामला. त्याच वर्षी भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा कुठे तिकिटे छापली गेली. ट्रॅम चालवणाऱ्या कंपनीच्या तबेल्यात तेव्हा सुमारे 900 घोडे होते. आज कुलाब्यात बेस्टचे ‘इलेक्ट्रिक हाउस’ उभे आहे, तिथेच त्या ट्रॅम कंपनीची कचेरी होती.

विजेची ट्रॅम आली 7 मे 1907 रोजी. 1920 मध्ये ती दुमजली झाली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, 1937 मध्ये दुमजली बस आली, आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असताना, हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज’ या नावातल्या ‘ट्रॅमवेज’चे ‘ट्रान्सपोर्ट’ झाले. आद्याक्षर तेच असल्यामुळे ‘बेस्ट’ मात्र ‘बेस्ट’च राहिली.

संग्रहालयातल्या ट्रॅमच्या प्रतिकृतीला पुढची-मागची बाजू नाही, हे चटकन ध्यानात येत नाही. शेवटच्या थांब्यावर ट्रॅम वळवायची नसे. ड्रायव्हरने हँडल काढून दुसऱ्या टोकाला चालत जायचे, छपरावरचा दांडा दोरीने ओढून तारेवर उलटा लावायचा, बाकांच्या पाठी पलटायच्या, की गाडी परतीला तयार. ड्रायव्हर उभ्यानेच चालवायचा, आणि वाट मोकळी करायला पायाने घंटा ठणठणवायचा. छोट्या लाकडी डब्याकडे बघताना हे कोणी सांगितले तरच त्यात जीव येतो. नाहीतर ते शोकेसमधले खेळणे.

सांगणारे अधूनमधून भेटतात. एखादा निवृत्त कंडक्टर नातवाला घेऊन येतो. तिकिटाला भोक पाडणाऱ्या पंचाच्या कपाटापाशी पोचला की त्याचा उजवा हात आपोआप मिटतो, अंगठा आणि बोटे जवळ येतात. डाव्या हातात तिकिटांची पेटी कशी धरायची, गर्दीत सुट्टे पैसे कसे चाचपून ओळखायचे, दांड्यावर पंचाची टिकटिक केली की डुलक्या घेणारेही खिशात हात कसे घालायचे, हे तो करून दाखवतो. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. नातवाने आयुष्यात पाहिलेले असते ते यंत्रातून सरकणारे छापील तिकीट किंवा मोबाइलवरचे. त्याच्यासाठी आजोबांचा तो हातच संग्रहालयातली सर्वांत मोठी वस्तू ठरतो.

हे संग्रहालय उभे राहिले तेही अशाच एका आतल्या माणसामुळे. बेस्टमधले अधिकारी पी. डी. परांजपे यांनी 1984 मध्ये कुर्ला आगारात ते सुरू केले आणि 1993 मध्ये ते आणिकला आले. आगारात जुनी वस्तू म्हणजे भंगार, असा सर्वसाधारण व्यवहार असताना कुणाला तरी ती उचलून ठेवावीशी वाटली, हे फार मोलाचे आहे. ट्रॅमच्या बाबतीत शहराने तेवढी काळजी घेतली नाही. 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला गेली. पुढे रूळ डांबराखाली गाडले गेले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी काम चालू असताना त्यांतले थोडे वर आले, तेव्हा येणारे-जाणारे वाकून वाकून बघत होते. बाकी ट्रॅम उरली ती नावात. दादर टी.टी. म्हणजे दादर ट्रॅम टर्मिनस, हे टॅक्सीत बसून ‘टीटीला चला’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

विजेच्या तारांवर, पण रुळांशिवाय धावणाऱ्या ट्रॉलीबसचे तर नावही उरले नाही. 11 जून 1962 पासून ती गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी धावली आणि 24 मार्च 1971 रोजी बंद पडली. नऊ वर्षांचा संसार.

15 सप्टेंबर 2023 रोजी जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली, तेव्हा लोकांनी तिला हारफुलांनी सजवले, तिच्यासोबत फोटो काढले. निदान एखादी तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणीही झाली. ती रास्तच होती. पण गाडीबरोबर ती चालवणारी माणसेही जातात, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. शेवटच्या ट्रॅमच्या दिवशी जो कंडक्टर विशीत होता, तो आज ऐंशीच्या पुढे आहे. ट्रॅमच्या चालत्या डब्यात तोल सावरत भाडे कसे वसूल करायचे, हे त्याच्या तोंडून ऐकायला फार वर्षे हातात नाहीत.

तेव्हा आणिकला जरूर जावे. निघण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची फोनवरून खात्री करून घ्यावी. आणि तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत ट्रॅमवर किंवा जुन्या बसवर नोकरी केलेले कुणी असेल, तर त्यांना सोबत न्या. कपाटापुढे उभे करा, ते बोलू लागले की मोबाइलवर सगळे टिपून घ्या, आणि त्याची एक प्रत संग्रहालयाला द्या.