वेलांटी आधी की नंतर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण कारखान्यांची नावं घेतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. या इतिहासात लेथवरचा, पेंट शॉपमधला कामगार कुठेतरी दिसतो तरी. टाइम ऑफिसात आणि पर्सोनेल खात्यात बसून दिवसभर बोटं चालवणारा टायपिस्ट मात्र कुणाला आठवत नाही. हजेरीपत्रकं, चार्जशीटा, युनियनबरोबरचे करार हे सगळं त्याच्या बोटांखालून गेलेलं असे.

माझ्या पिढीत बी.ए. झालेल्या मुलाला घरचे पहिला प्रश्न विचारत, ‘टायपिंगला नाव घातलंस का?’ इंग्रजी ४०, मराठी ३०. हे आकडे मिनिटाला किती शब्द याचे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. परीक्षा घ्यायची पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. मराठी टायपिंगला भाव आला तो १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर. सरकारचा कारभार मराठीत चालायचा तर मराठी टायपिस्ट हवेत. गावाकडून आलेली, चिंचवड-भोसरीत खोली करून राहणारी किती तरी मुलं या क्लासांच्या जिन्यावर रांग लावून उभी असत.

आता यंत्राकडे वळू. टाइपरायटर ही मुळात रोमन लिपीची वस्तू. अमेरिकेतल्या शोल्सचं यंत्र रेमिंग्टन कंपनीनं १८७४ च्या सुमारास विकायला काढलं. त्यात २६ अक्षरं बसली की काम भागत होतं. आपली बाराखडी, जोडाक्षरं, रफार, रुकार हा सगळा संसार तेवढ्याच घरात बसवायचा होता. साधारण ४५ कळा, म्हणजे शिफ्ट धरून ९० चिन्हं. त्यावर तोड निघाली ती गमतीची होती. अक्षरं तोडली. काही अक्षरांची पूर्ण कळ द्यायची नाही, अर्धं अक्षर द्यायचं आणि पुढे कान्याची दांडी मारून ते पुरं करायचं. ‘श’चंही तसंच, ‘ण’चंही तसंच. आमच्या क्लासातल्या यंत्रांवर कान्याच्या कळेवरचं अक्षर सगळ्यांत आधी पुसलं जाई.

दुसरी गोष्ट वेलांटीची. ‘कविता’ लिहिताना वि उच्चारायचा तर आधी व आणि मग इ. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येते. यंत्राला कान नाहीत, अक्षरं डावीकडून उजवीकडे उमटतात एवढंच त्याला कळतं. म्हणून आधी वेलांटी, मग व. रफार याच्या उलट. ‘धर्म’मध्ये र आधी ऐकू येतो, पण तो म च्या डोक्यावर बसतो, म्हणून शेवटी मारायचा. हजारो बोटं अशी डोळ्याला दिसेल त्या क्रमानं मराठी लिहायला शिकली. सरावानं ती इतकी तयार झाली की मन ‘वि’ म्हणायच्या आत बोट वेलांटीवर पोचलेलं असे.

ही घडी संगणकानं विस्कटली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम झालं आणि ते पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये, म्हणजे आपल्या पुण्यात आलं. त्यातूनच इनस्क्रिप्ट हा कळफलक पुढे आला. १९९१ च्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. त्याची मांडणी अशी: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क जिथे, शिफ्ट दाबून ख तिथेच. ग जिथे, घ तिथेच. मराठीला, बंगालीला, तमिळला आराखडा एकच. आणि मुख्य म्हणजे अक्षरं उच्चाराच्या क्रमानं टाइप करायची. आधी व, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवायचं काम यंत्राचं.

हे फार शहाणपणाचं होतं, असं माझं मत आहे. माझ्या घरात वडील उर्दू वाचत. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं. टाइपरायटरवर ही रूपं माणसानं निवडायची, संगणकावर नुसतं अक्षर सांगायचं, रूप तो निवडतो. देवनागरीतही इनस्क्रिप्टनं तेच केलं. म्हणजे लिहिणाऱ्याला पुन्हा उच्चाराकडे नेलं. कवीला याहून काय हवं?

पण कवीचं सोडा. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या टायपिस्टनं काय करायचं? त्याची बोटं हीच त्याची मिळकत. मिनिटाला ४० शब्दांचा माणूस एका सकाळी ५ शब्दांवर आला, तोही तरुण साहेबासमोर. टाइपरायटरमागे गल्लोगल्ली क्लास होते, परीक्षा होती, प्रमाणपत्राला नोकरीत किंमत होती. इनस्क्रिप्टच्या वाट्याला सुरुवातीच्या काळात यातलं फारसं काही आलं नाही. मग सॉफ्टवेअर कंपन्यांनी गिऱ्हाईक ओळखलं. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी असो की सी-डॅकची स्वतःची पॅकेजं असोत, त्यांत जुन्या टाइपरायटरची मांडणीही निवडता येत होती. टायपिस्ट सुखावला. कचेऱ्यांत एकाच टेबलावर सकाळी एका मांडणीचा आणि दुपारी दुसऱ्या मांडणीचा माणूस बसू लागला.

याला मागासपणा म्हणणाऱ्यांनी चाकणला जाऊन यावं. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी तिथे गेली. या कंपन्या ज्या देशातून आल्या तिथल्या कीबोर्डावर वाय आणि झेड यांच्या जागांची अदलाबदल असते, कारण जर्मन भाषेत झेड वारंवार लागतो आणि वाय क्वचित. जर्मन माणूस त्यासाठी कुणाची माफी मागत नाही. भाषेच्या गरजेनं कळा हलतात. प्रश्न एवढाच की हलवताना त्यांवर बसलेल्या बोटांना विचारलं जातं का.

टाइपरायटर आता संपला. गोदरेजनं १९५५ साली भारतीय बनावटीचं यंत्र काढलं होतं, त्यांचा शेवटचा कारखाना साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला होता. २००९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. २०११ साली ती बातमी जगभर छापून आली तेव्हा कंपनीकडे उरलेली बरीचशी यंत्रं अरबी लिपीची होती म्हणे. पुढच्या काही वर्षांत परीक्षाही संगणकावर गेली. आताची मुलं तर मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात किंवा नुसतं बोलतात. त्यांना दोन्ही मांडण्या सारख्याच परक्या.

मात्र मांडणीपेक्षा मोठा घोळ फाँटांनी घातला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण मराठी छपाईच्या दुकानांत तो पोचायला फार वर्षं लागली. तोवर प्रत्येक कंपनीचा क वेगळ्या क्रमांकाचा. नव्वदच्या दशकात इथल्या कामगार कवींची अनियतकालिकं, युनियनची पत्रकं, दिवाळी अंक असेच कुठल्या ना कुठल्या फाँटात जुळवले गेले. फ्लॉपी उघडली तरी फाँट नसेल तर समोर येतात रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोन. कागदावरचा अंक वाळवीनं खाल्ला असेल तर ती कविता गेलीच.

ही अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आता आहेत. ती बरीच चांगली चालतात. अडतात ती खास मराठी जागी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक मठातला, दुसरा स्वयंपाकघरातला. दुसऱ्यातला अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून तो संगणकांवर कायम सावत्र राहिला. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट आणि जे ही कळ दाबून, हलन्त देऊन काढावा लागतो. अॅपल-अॅसिडमधला ‘अॅ’ तर स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तोच २००८ साली.

भोसरीच्या एका निवृत्त टायपिस्ट मित्राबरोबर मी सध्या अशाच एका जुन्या अंकाच्या फायली सोडवतो आहे. तो अजून वेलांटी आधी मारतो, मग जीभ चावून ती खोडतो. रूपांतर झालेल्या मजकुरात ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे र चा रफार झालेला असतो. ते आम्ही एकेक करून हातानं दुरुस्त करतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या कवींचा अंक आहे, त्यामुळे दऱ्या फार आहेत.